सामना कुणाला दिसतो?



या व्यासपीठावरून आजवर पाणी, शेती, शिक्षण, संतवाङ्मय अशा विषयांवर मोठमोठी माणसं बोलली. त्यांच्या रांगेत टीव्हीवरच्या सामन्यांचा विषय कुठून आला, असं काहींच्या मनात आलं असेल. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी हाच सांगितला, आणि पूर्ण विचार करून सांगितला. माझी सगळी नोकरी शाळेच्या मैदानावर गेली. मैदानावर येणारं पोर आधी कुठंतरी काहीतरी बघून आलेलं असतं. कुणाची तरी पकड, कुणाचा तरी यॉर्कर त्याच्या डोळ्यांत बसलेला असतो. मग मला विचारायचं आहे, हे बघायला त्याला मिळतं का? कुठं मिळतं? किती रुपयांत मिळतं?

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल. भारताचा सामना फुकट बघण्याचा हक्क आपल्याला कायद्यानं दिलेला आहे. तो हक्क कुणी काढून घेतला नाही. तो आपल्या घरापर्यंत पोचायची वाट मात्र वर्षागणिक अरुंद होत गेली. आणि ज्या सामन्यांत आपली स्वतःची पोरं खेळतात, त्यातले बहुतेक सामने त्या कायद्यात आलेच नाहीत.

थोडं मागे जाऊ. आपला जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या आशियाई स्पर्धा आल्या, त्यांच्याबरोबर रंगीत टीव्ही आला, आणि १९८३ च्या २५ जूनला लॉर्ड्सवर कपिल देवनं विश्वचषक उचलला. दूरदर्शननं तो अंतिम सामना दाखवला. मराठवाड्यात तेव्हा बहुतेकांनी तो रेडिओवर ऐकला, कारण टीव्ही होते कुठं? पण प्रक्षेपण केंद्रं वाढत गेली तसे घरांवर अँटेने दिसू लागले. गल्लीत एका घरात टीव्ही असला की सामना अख्ख्या गल्लीचा असे. त्याच विश्वचषकात टनब्रिज वेल्सला झिंबाब्वेविरुद्ध कपिलनं नाबाद १७५ धावा काढल्या. त्या दिवशी बीबीसीच्या लोकांचा संप होता असं सांगतात. तो डाव चित्रितच झाला नाही. भारतीय क्रिकेटमधला एवढा मोठा डाव, आणि तो आज कुठल्याच मुलाला दाखवता येत नाही! मी शाळेत त्या डावाबद्दल सांगायचो तेव्हा मुलं लगेच म्हणायची, सर, दाखवा ना. काय दाखवणार?

त्या काळाचं मी उगाच गुणगान करणार नाही. दूरदर्शन षटक संपायच्या आधी जाहिरात लावायचं, ऐन रंगात बातम्या सुरू व्हायच्या. आणि आज ऐकून नवल वाटेल, पण तेव्हा सामना दाखवायचे पैसे क्रिकेट मंडळच दूरदर्शनला देत होतं. प्रक्षेपणाचा हक्क ही विकता येण्याजोगी वस्तू आहे, हे मंडळाला उमगलं नव्वदीच्या सुरुवातीला.

उमगल्यावर मात्र चित्र फार वेगानं बदललं. १९९३ चा हिरो कप आठवा. बंगालच्या क्रिकेट संघटनेनं प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी कंपनीला विकले आणि सरकारनं आडकाठी केली. सरकारचं म्हणणं असं की आकाशातून प्रक्षेपण करायचा अधिकार फक्त आमचा. इकडे ईडन गार्डन्सवर उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्या होत्या. सचिन तेंडुलकरनं चेंडू मागून घेतला आणि तीनच धावा दिल्या. तो सामना आपण दोन धावांनी जिंकलो. तिकडे भांडण न्यायालयात चाललं होतं.

९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. त्या पीठावर आपले मराठी न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. निकालाचं सार सांगतो. ध्वनी आणि चित्र वाहून नेणाऱ्या आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या सरकारच्या मालकीच्या नाहीत आणि ज्याच्याकडे पैसा त्याच्याही नाहीत. त्यांचा वापर लोकहितासाठी व्हावा, आणि त्यावर स्वायत्त सार्वजनिक यंत्रणेचं नियंत्रण असावं. गावाचा पाणवठा असतो ना, तसं. पाटलाचा नाही, टँकरवाल्याचाही नाही.

निकाल लोकांच्या बाजूचा होता. पण त्यातून घडलं काय? सरकारची मक्तेदारी गेली. तिच्या जागी खासगी वाहिन्या आल्या, महिन्याच्या पैशाच्या. मालमत्ता लोकांची असं न्यायालय म्हणालं होतं. लोकांनी तिचं भाडं भरावं असं म्हणालं नव्हतं.

आता आपल्या महाराष्ट्रातच घडलेल्या प्रसंगाकडे येतो. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण यातून कायदा निघाला. २००६ मध्ये निंबस कंपनीनं भारतीय क्रिकेटचे चार वर्षांचे हक्क ६१ कोटी डॉलरहून अधिक देऊन घेतले. एवढा पैसा मोजलेला माणूस सामना दूरदर्शनला सहज देईल का? २१ जानेवारी २००७, रविवार. नागपूरला भारत आणि वेस्ट इंडीज यांचा एकदिवसीय सामना. भारताच्या ३३८ धावा. सौरव गांगुली ९८ वर बाद. समोरून चंद्रपॉलनं नाबाद १४९ मारले, आणि आपण कसाबसा १४ धावांनी सामना वाचवला. असा सामना, तोही आपल्याच राज्यात! तरी ज्याच्या घरी केबल नव्हतं त्याला तो दूरदर्शनवर थेट दिसला नाही. विदर्भातल्या मैदानावरचा सामना विदर्भातल्या शेतकऱ्याला दिसला नाही. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि पुढचे सामने दूरदर्शननं सात मिनिटं उशिरानं दाखवावेत असा तोडगा निघाला. सात मिनिटं! रेडिओवर, फोनवर आधी कळणार की गडी बाद झाला, आणि मग आपण तो बाद होताना बघणार. श्रीमंताचा चेंडू आधी पडणार, गरिबाचा सात मिनिटांनी.

लोक चिडले. प्रियरंजन दासमुन्शी तेव्हा माहिती व प्रसारण मंत्री होते. फेब्रुवारीत अध्यादेश निघाला, मार्चमध्ये कायदा झाला. क्रीडा प्रक्षेपणाचे सिग्नल दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला सक्तीनं द्यायला लावणारा २००७ चा कायदा तो हाच. राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर केलेले सामने ज्या खासगी वाहिनीकडे असतील, तिनं त्यांचा थेट सिग्नल, स्वतःच्या जाहिराती काढून, त्याच क्षणी प्रसार भारतीला द्यायचा. दूरदर्शनला जे उत्पन्न मिळेल त्यातले किमान ७५ टक्के हक्कधारकाला, बाकी प्रसार भारतीला. मला हा कायदा फार मोलाचा वाटतो. पैसे भरणाऱ्याचा तोटा नाही आणि न भरू शकणाऱ्याची वंचना नाही. असे तोल साधणारे कायदे आपल्याकडे फार होत नाहीत.

मग अडलं कुठं?

अडलं ते तारेत. तुम्ही म्हणाल, आमच्या घरी तर केबल आहे, केबलवर दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणं बंधनकारक आहे, म्हणजे सामना दिसायलाच हवा. बरोबर आहे. दहा वर्षं तसंच चाललं. पण हक्कधारकांचं म्हणणं पडलं की दूरदर्शनला फुकट दिलेला आमचा सिग्नल केबलवाले आणि खासगी डिशवाले दूरदर्शनच्या वाहिनीतून घरोघर पोचवतात, मग आमची पैशाची वाहिनी घेणार कोण? २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांचं मान्य केलं. दिलेला सिग्नल प्रसार भारतीनं स्वतःच्याच जमिनीवरच्या प्रक्षेपकांवरून आणि स्वतःच्या डिशवरूनच दाखवायचा. खासगी केबलवर नाही.

निकाल कायद्याच्या शब्दाला धरून असेल, त्यावर मी वकिली करत नाही. परिणाम बघा. आज जालन्यात केबलच्या बॉक्सवर भारताच्या सामन्याच्या वेळी दूरदर्शनची डीडी स्पोर्ट्स लावा. वाहिनी दिसते, सामना दिसत नाही. त्याच वेळी दोन घरं सोडून पत्र्यावर प्रसार भारतीच्या फ्री डिशची छत्री असलेल्या घरात तीच वाहिनी सामना दाखवत असते. म्हणजे दर महिन्याला पैसे भरणाऱ्याला दिसत नाही आणि एकदाच छत्री घेतलेल्याला दिसतो. किती जणांना हे माहीत आहे? हे आपल्याला कुणी समजावून सांगितलं?

आणि जमिनीवरचे प्रक्षेपक? ज्यांच्यासाठी छपरावर अँटेना लावायचा, ते जुने प्रक्षेपक दूरदर्शननं टप्प्याटप्प्यानं जवळजवळ सगळे बंद केले. २०२२ पर्यंत सीमाभागासारखी थोडी ठिकाणं सोडली तर ते संपले. न्यायालयानं दोन वाटा ठेवल्या होत्या, त्यातली एक आपोआप बुजली. उरली फक्त फ्री डिश. तिचं मोल मी जाणतो. देशात चार कोटींहून अधिक घरांत ती आहे, एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की महिन्याचं काही नाही. मंठा, घनसावंगी, अंबड भागातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं घराला कुलूप लावून सहा-सहा महिने बाहेर असतात. त्यांनी कुठल्या बॉक्सचं रिचार्ज चालू ठेवायचं? त्यांच्यासाठी फ्री डिश हाच खरा टीव्ही. पण सरकारनं सगळ्यांना दिलेला हक्क एका विशिष्ट छत्रीला बांधून ठेवायचा का?

पैशाचा हिशेबही सांगतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायची नवी दरपद्धत आली तेव्हा शंभर वाहिन्यांचं मूळ भाडं १३० रुपये होतं, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. क्रिकेटची मुख्य वाहिनी १९ रुपयांना, वेगळी. शहरातल्या नोकरदाराला हे काहीच नाही. पण रोजंदारीवर जगणारं घर महिन्याचं पावणेदोनशेचं रिचार्जसुद्धा पुढे ढकलतं, हे मी शाळेतल्या पालकांकडून ऐकलेलं आहे.

हे फक्त आपल्याकडे घडतंय असं समजू नका. इंग्लंडच्या उत्तरेला खाणींच्या आणि कापडगिरण्यांच्या गावांत रग्बी लीग नावाचा खेळ आहे. तो जन्मला कसा, ऐका. १८९५ मध्ये तिथल्या क्लबांनी मागणी केली की शनिवारी खेळायला येणाऱ्या मजुराचा बुडालेला रोज त्याला भरून द्यावा. दक्षिणेतल्या साहेब लोकांनी नाही म्हटलं, तेव्हा हे क्लब वेगळे झाले. बुडालेल्या मजुरीच्या प्रश्नातून निघालेला खेळ! शंभर वर्षांनी, १९९५ मध्ये, त्याच खेळाकडे स्काय नावाची पैशाची वाहिनी ८ कोटी ७० लाख पौंड घेऊन आली. अट काय? शंभर वर्षं हिवाळ्यात खेळला जाणारा खेळ उन्हाळ्यात खेळायचा. आणि नव्या सुपर लीगसाठी शेजारशेजारच्या गावांचे क्लब एकत्र करायचे. कॅसलफर्ड, फेदरस्टोन आणि वेकफील्ड या तीन गावांचा एकच संघ करायचं घाटत होतं. कल्पना करा, कुणी येऊन सांगितलं की अंबड, परतूर आणि घनसावंगीचा मिळून एकच कबड्डी संघ ठेवा, तर तिन्ही गावचे लोक काय म्हणतील? तिथल्या लोकांनी तेच केलं, रस्त्यावर उतरले, आणि विलीनीकरण रद्द झालं. हंगाम मात्र बदलला, तो कायमचा.

त्या देशानं एक गोष्ट चांगली केली, ती आपण शिकण्यासारखी आहे. काही सामने त्यांनी कायद्यानं राखून ठेवले. रग्बी लीगच्या चॅलेंज कपचा अंतिम सामना फुकटच्या टीव्हीवर दिसलाच पाहिजे, असं त्यांच्या यादीत आहे. क्रिकेटच्या बाबतीत मात्र त्यांनी ढिलाई केली. मायदेशातली कसोटी १९९८ मध्ये त्यांनी वरच्या यादीतून काढली. २००५ ची अ‍ॅशेस मालिका फुकटच्या वाहिनीवर होती, तिच्या एका क्षणी ८४ लाख लोक बघत होते. २००९ ची अ‍ॅशेस पैशाच्या वाहिनीवर, सर्वाधिक आकडा १९ लाख. इंग्लंड तिथंही जिंकलं. बघायला लोक नव्हते. पुढे २०१९ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना एका दिवसापुरता पुन्हा फुकट दाखवला, आणि आकडा परत ८३ लाखांवर गेला. लोकांना खेळ नको झाला होता असं नाही. दार बंद होतं.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणंही प्रामाणिकपणे मांडायला हवं. प्रक्षेपणाच्या पैशानं खेळाडूंचं भलं झालं, हे मी स्वतः पाहिलं आहे. पूर्वी रणजी खेळलेला माणूस उतारवयात कुणाकुणाकडे मदत मागत फिरायचा. आज त्याला पेन्शन आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मंडळानं महिला खेळाडूंना पुरुषांइतकंच सामन्याचं मानधन जाहीर केलं, ते याच पैशाच्या बळावर. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे हक्क ४८,३९० कोटींना गेले. हा पैसा खेळात यावा. माझं म्हणणं इतकंच, की त्यातून सामान्य माणसाचा पाट सोडलेला असावा.

आणि मोबाइलची गोष्ट तर अजून ताजी आहे. २०२३ मध्ये आयपीएल मोबाइलवर अगदी फुकट झाली. २०२४ लाही फुकट. गावोगावच्या पोरांना सवय लागली. पारावर, टपरीवर, शेतात मोटर लावून बसल्यावर, हातात सामना. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन अ‍ॅप एक झाले आणि मार्चमध्ये सामना पैशाचा झाला. थोडा वेळ बघा, मग पैसे भरा, किंवा अमुक रिचार्ज मारा. तीन महिन्यांचे १४९ रुपये ही मोठी रक्कम नाही, असं कुणी म्हणेल. पण सवय लावून मग दार लावणं, याला काय म्हणायचं? दूरदर्शननं फुकट दाखवलं ते कर्तव्य म्हणून. हे फुकट कर्तव्य नव्हतं, म्हणून ते कधीही थांबू शकत होतं आणि थांबलं. २००७ चा कायदा झाला तेव्हा हातातला मोबाइल हा टीव्ही नव्हता. आज आहे. आपल्या मुलांचा तर तोच टीव्ही आहे.

आता माझ्या मनाला सर्वांत जास्त लागणारा मुद्दा. आपल्या २००७ च्या कायद्याखाली राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांची जी यादी आहे, तिच्यात काय आहे? ऑलिंपिक, आशियाई स्पर्धा, भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि ट्वेंटी-ट्वेंटी सामने, विश्वचषकाचे उपांत्य-अंतिम, टेनिस-हॉकी-फुटबॉलचे काही महत्त्वाचे सामने. काय नाही? आयपीएल नाही. प्रो कबड्डी नाही. कबड्डी! २०१४ मध्ये मुंबईत प्रो कबड्डी सुरू झाली, पहिल्याच हंगामाचा प्रेक्षक ४३ कोटींच्या घरात मोजला गेला. गावच्या मातीतला खेळ मॅटवर गेला, खेळाडूंना पैसे मिळाले, आनंदच आहे. मार्च २०२४ मध्ये पुणेरी पलटण विजेती झाली, कर्णधार अस्लम इनामदार, नगर जिल्ह्यातला. आपल्या शाळेच्या मैदानावर कबड्डीची रेषा आखणाऱ्या पोराला त्याची चढाई बघायची तर रिचार्ज लागतं. कबड्डी राष्ट्रीय महत्त्वाची नसेल तर दुसरं काय आहे?

आपल्या जालन्याच्या विजय झोलचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०११ मध्ये कूचबिहार करंडकात महाराष्ट्राच्या एकोणीस वर्षांखालील संघाकडून त्यानं आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. पुढे २०१४ मध्ये त्या वयोगटाच्या विश्वचषकात तो भारताचा कर्णधार झाला. जालन्याचा मुलगा, भारताचा कर्णधार! मी त्या सकाळी पेपरमधली बातमी वर्गात वाचून दाखवली, आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, सर, तो खेळतो कसा? उजव्या हाताने की डाव्या? मी सांगितलं, डाव्या. पण त्या मुलांनी तो फटका मारताना पाहिलेला नव्हता. ४५१ धावा झाल्या त्या स्पर्धेचे सामने टीव्हीवर येत नसत. आपल्या गावाचा खेळाडू आपल्याच गावाला बातमीतून कळतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. भारताचा सामना केबलवरच्या डीडी स्पोर्ट्सवर दिसू द्या. मोबाइललाही कायद्याच्या कक्षेत आणा, निदान प्रसार भारतीच्या स्वतःच्या अ‍ॅपवर तरी. यादीत प्रो कबड्डीचा अंतिम सामना घाला, आयपीएलचा अंतिम सामना घाला, आणि महिला संघाचे सामने पुरुषांच्या बरोबरीनं घाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघानं विश्वचषक जिंकला. सांगलीची स्मृती मानधना त्या संघात होती. उपांत्य सामन्यात मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जनं ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ काढल्या. असे सामने कुठल्या मुलीला दिसतील हे तिच्या वडिलांच्या रिचार्जवर सोडून चालणार नाही.

हे होण्यासारखं आहे का? आहे. २०१८ मध्ये माहिती व प्रसारण खात्यानं स्वतःच या कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा काढला होता. दूरदर्शनला मिळणारा सिग्नल केबलवर आणि खासगी डिशवरही जाऊ द्यावा, असाच त्याचा रोख होता. लोकांकडून सूचना मागवल्या होत्या, मुदत ३१ डिसेंबर २०१८. तो डिसेंबर तुम्हाला आठवत असेल. महाराष्ट्र केसरी आपल्या जालन्यात भरली होती. राज्यभरचे पैलवान इथं होते, मैदान माणसांनी भरलं होतं, बाला रफिक शेखनं अभिजित कटकेला हरवून गदा उचलली. एवढी खेळवेडी माणसं एका मैदानात, आणि त्याच दिवसांत दिल्लीत आपल्याकडून मत मागितलं जात होतं. आपल्यापैकी कुणी पाठवलं? मलाही तेव्हा कुणी सांगितलं नाही. तो मसुदा पुढे कायदा झाला नाही. २०२३ मध्ये प्रक्षेपणाच्या नव्या विधेयकाचा मसुदा आला, तोही तिथंच राहिला.

मसुदा पुन्हा निघेल. तोवर वाट बघायचंही कारण नाही. खात्याच्या सचिवांच्या नावे आणि आपल्या खासदारांच्या नावे पत्र लिहा. मराठीतच लिहा. गावाचं नाव, तालुका, घरात केबल आहे की फ्री डिश की नुसता मोबाइल, महिन्याला त्यावर किती रुपये जातात, आणि भारताच्या मागच्या सामन्याला डीडी स्पोर्ट्स लावल्यावर काय दिसलं, एवढंच लिहा. शिक्षकांनी मुलांकडून हे विचारून घ्यावं. एका वर्गाची माहिती एका तासात गोळा होते. ग्रामपंचायतीचे सदस्य इथं बसले आहेत, त्यांनी ग्रामसभेत ठराव घ्यावा. संयोजकांनी पत्राचा नमुना छापून घेतला आहे. तो बाहेर दाराशी टेबलावर ठेवलेला आहे. जाताना प्रत्येकानं दोन-दोन प्रती घ्या, एक स्वतःसाठी आणि एक शेजाऱ्यासाठी.